कुस्करलेली भाकर

त्या माघात हिव पडलं. गोमाईच्या काठचा ऊस दोन दिवसांत शेंड्याकडून काळा पडला, पानं हातात घेतली की चुरा व्हायची. हिवानं मारलेला ऊस थांबत नाही. आठ-दहा दिवसांत रस आंबतो, मग कितीही उकळा, गूळ ढेपेत बसत नाही, नुसता चिकट चिखल होतो. अशा रसाला जागेवर धरायचं तर गूळ पाडणारा गुळव्या तसाच लागतो. आणि म्हसावदच्या अंगाला पाच गावांत गुळव्या म्हटलं की लोक एकच नाव घेत, सुपडू पाटील.

आधीची तीन पोरं गेली म्हणून आईनं याला सुपात घालून उकिरड्यापर्यंत ओढत नेलं होतं. देवानं कचरा समजून सोडून द्यावा म्हणून. म्हणून सुपडू. देवानं सोडला, आणि त्याच्या उजव्या हाताला असं काही देऊन ठेवलं की पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून अंगठ्यानं आणि दोन बोटांनी गोळी वळली की तो सांगायचा, "उतरावा." त्याचं 'उतरावा' कधी चुकलं नाही. मजुरी तो घेत नसे. पाटलाचं घर, मानाचं बोलावणं, घरी जाताना ओल्या फडक्यात बांधलेला कोमट गुळाचा खडा, बस. तो खडा तो वाटेत कधी खात नसे. बायकोच्या हातात द्यायचा आणि तिनं पहिला घास घेतला की मग मिशीतल्या मिशीत हसायचा.

ती बायको, कौसाबाई, त्या दिवशी शेजारच्या इंद्रसिंगच्या गुऱ्हाळावर मदतीला येऊन चिपाडं वाळत घालत होती. पिळून निघालेल्या उसाची चिपाडं डोक्यावरून नेऊन उन्हात पसरायची, वाळली की चुलाणाकडं आणून टाकायची. चुलाणात जाळ घालायला दिवाल्या होता. हा सातपुड्यातल्या पाड्यावरचा गडी, पाच वर्षांपासून सुपडूकडे वर्षाच्या बोलीवर सालदार. चरकाला बैल गोल फिरत होते. काहिलीतला रस लाल होऊन जाड बुडबुडे सोडायला लागला होता आणि इंद्रसिंग काठावर उकिडवा बसून सुपडूच्या तोंडाकडं बघत होता, कारण हा त्याचा उरलासुरला ऊस होता.

गुऱ्हाळाचा एक नेम असतो. काहिलीतल्या पाकाला कुणी तोंड लावत नाही. पहिला खडा अग्नीला, दुसरा वाटसरूला, मग घरच्यांना. गुळव्या तर चाखतच नाही, त्याची चव त्याच्या बोटात असते.

सुपडूनं थेंब पाण्यात टाकला. गोळी वळायला गेला. गोळी बोटांतून निसटली. परत घेतली, परत निसटली. मग त्यानं बोटं तोंडात घातली, चोखली, आणि त्याच बोटांत धरलेला पळा काहिलीत बुडवून त्याला जीभ लावली. परत बुडवला. परत लावली.

"दादा!" इंद्रसिंग ओरडला. "हाई काय करं तू? उष्टं करी टाकं! चार गावना लोके खातीन हाऊ गुय!"

"गोड शे," सुपडू म्हणाला. ओठ भाजून लाल झाले होते, त्याची त्याला खबर नव्हती. "बेस शे."

तो पुन्हा वाकला तेव्हा दिवाल्यानं जाळ घालायचं सोडून धावत येऊन त्याचं मनगट धरलं. काहील तशीच चुलाणावर राहिली आणि कुणी उतरवायची या बोलाचालीत पाक करपला. शेवटी चौघांनी बांबू घालून ती उचलली आणि मळीच्या खड्ड्यात उपडी केली. काळा धूर निघाला. इंद्रसिंग खाली बसला आणि हातांनी माती उकरायला लागला. कौसाबाई चिपाडाचा भारा डोक्यावर घेऊन उभी होती. तो खाली टाकावा की घेऊन घरी जावं हेही तिला सुचेना.

घरी येईपर्यंत तिनं दम धरला. मग ओट्यावरच तोंड सोडलं.

"तुमले लाज वाटस का नै? आख्खं गाव देखी ऱ्हायनं व्हतं!"

सुपडू तिच्याकडं बघून हसला. ते हसू तिला दिवाळीपासून ठाऊक झालं होतं. पोळ्याला ज्याच्या शिंगांना त्यानं स्वतः बेगड लावलं तो ढवळा बैल दिवाळीत पोट फुगून मेला, तेव्हा हा त्याच्या मानेजवळ बसून असाच हसला होता. लेक फुलवंता दिवाळीचं माहेर उरकून तळोद्याला सासरी निघाली, गाडीत बसून रडून रडून तिचे डोळे सुजले, आणि बापानं विचारलं, "लाडू ऱ्हायनात का?" त्या दिवशी कौसाबाईनं माजघरात जाऊन उसाच्या कांडक्यानं नवऱ्याला मारलं होतं. पाठीवर तीन वळ उठले. त्यानं पाठ चोळली, झाल्या गोष्टीचा राग नाही, लोभ नाही, आणि उरलेला लाडू शोधायला लागला. माणूस मारकुटा झाला असता, बाहेरख्याली झाला असता, तरी तिनं निभावलं असतं. समोर बसलेला माणूस आपला नवराच नाही असं वाटायला लागलं तर बाईनं कुणाच्या नावानं बोटं मोडावीत?

दुसऱ्या दिवशी विहिरीवर आंघोळ घालताना दिवाल्यानं तिला हाक मारली. "बाई, आठे ये. दादाना दंड देख."

सुपडूच्या उजव्या दंडावर कातडीखाली मांस आपोआप फडफडत होतं, हातात धरलेल्या खारीचं पोट फडफडावं तसं. आणि अंगठ्याच्या बुडाला, जिथं गुळव्याचा गादीसारखा उंचवटा होता, तिथं खड्डा पडला होता. दोन थेंब पाणी त्यात ठरलं असतं.

"कातडीखाले काय तरी पळी ऱ्हायनं," दिवाल्या हळू आवाजात म्हणाला. "आमना पाडावर आशे व्हयनं ते लोके एखादी बाईले डाकीण म्हनतीन."

"मंग तुम्हना लोके बरा शेतस," कौसाबाई म्हणाली. "दोष द्यावाले कोनी ते भेटस."

चिंचपाड्याच्या मिशनातल्या डॉक्टरचं नाव तिनं ऐकलं होतं. नंदुरबारपर्यंत गाडी जुंपून, तिथून आगगाडीनं त्याला न्यायचं ठरलं. सासू जमनाबाई सत्तरीला टेकलेली, मणक्यात वाकलेली, म्हशीच्या दाव्याला हात लावायचा तरी कण्हायची. पण ती म्हणाली, मी येते. कौसाबाईला बरं वाटलं. आईचं काळीज, असं तिच्या मनात आलं.

डॉक्टरानं सुपडूची बोटं एकेक वाकवून पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली. जीभ तोंडात गांडूळ ठेवल्यासारखी वळवळत होती. त्यानं कागदावर काही लिहिलं नाही. विचारलं, "याचा बाप कशानं गेला?"

"पटकीमा," जमनाबाईनं पटकन सांगितलं.

"कुणी चुलता? आत्या? असे हात सुकलेलं कुणी?"

"नै सायेब. कोनीच नै."

डॉक्टर कौसाबाईकडं वळला. "बाई, औषध नाही. असा एक माणूस मी पूर्वी पाहिलाय. तोही आधी स्वभावानं बिघडला आणि मग वाळला. हे दोन रोग नाहीत, एकच आहे. तो माणसाचे हात खातो, तसा माणूसपण खातो. हा मुद्दाम काही करत नाही, एवढं ध्यानात ठेवा."

परतीच्या गाडीत सुपडू खिडकीच्या गजावर बोट आपटत होता. टक टक टक, थांबून पुन्हा टक टक टक. खांडबारा आलं, गेलं, तरी बोट थांबलं नाही. कौसाबाई त्याच्या पाठीकडं बघत होती. सदऱ्याखाली ते तीन वळ केव्हाच मिटले असतील. तिच्या हाताला मात्र उसाचं कांडकं अजून टोचत होतं. तिनं पदराआडून त्याच्या पाठीवर हात फिरवला. त्याला कळलं नाही, आणि तिला रडू आवरेना. जमनाबाई खिडकीबाहेर बघत राहिली.

शिमगा जवळ आला. आता सुपडूला सदऱ्याच्या गुंड्या लागत नव्हत्या. धोतर दिवाल्या नेसवायचा. दुसऱ्याच्या घरात शिरून उतरंडीतून गूळ काढून खायची सवय लागली, म्हणून त्याला मळ्यातल्या झोपडीत ठेवला आणि दिवाल्याला त्याच्याजवळ. घरातली गुळाची मडकी जमनाबाईनं माळ्यावर कधीच चढवून ठेवली होती. आणि अलीकडे तिनं एक नवंच काढलं होतं. सुपडूची भाकर ती दुधात कुस्करून द्यायची. काठ काढून, बोटांनी चुरून, पातळ.

"दात शेतस ना त्यास्ना तोंडमा," कौसाबाई एकदा वैतागून म्हणाली. "तान्हं पोर शे का?"

सासू कुस्करत राहिली.

आठवड्यानं सासू देवळात गेली होती म्हणून कौसाबाईनं मळ्यात साधी भाकर आणि भाजी नेली. दुसऱ्या घासाला सुपडूला ठसका लागला. डोळे पांढरे झाले, मान मागं पडली, नाकातून भाजीचं पाणी आलं. दिवाल्यानं त्याला पालथा घालून पाठीत दणके दिले तेव्हा घास सुटला. सुपडूनं तो जमिनीवरचा घास उचलला आणि पुन्हा तोंडात घालायला गेला.

कौसाबाई घरी आली ती चपला न काढता. जमनाबाई उखळापाशी मिरच्या निवडत होती. दुपारचं ऊन ओट्यावर आलं होतं.

"आत्याबाई, ठसका आज लागना. तुम्ही आठ दिन आगोदर भाकर कुस्कराले लागनात. तुमले कसं मालूम?"

म्हातारीनं मिरचीचं देठ मोडलं.

"गुयना मडका तुम्ही दिवाईलेच माळावर चढाई दिधात. तव्हय मी म्हनं, म्हातारीले चोरनी भीती वाटी ऱ्हायनी. कसं मालूम तुमले?"

"त्याना बापलेबी मीच चारं," जमनाबाई म्हणाली. आवाज कोरडा होता, सवयीचा. "पह्यलंदी हासू. मंग खावखाव. मंग हात. मंग जीभ, मंग घास. वरीसभर चारं मी त्याले. ह्याच मळामा. सुपडू दहा वरीसना व्हता."

"आनि पटकी?"

"पटकी सायेबले सांगी. गावले दारू सांगी."

कौसाबाई खाली बसली. सासरा दारूनं गेला हे तिला ठाऊक होतं, अख्ख्या गावाला ठाऊक होतं. शिमग्याला सोंगं निघत तेव्हा 'उखाजी पाटील' या सासऱ्याच्याच नावाचं एक झिंगलेलं सोंग अजून निघायचं आणि लोक पोट धरून हसायचे. सुपडू त्या दिवशी घराबाहेर पडत नसे. बापाच्या चितेपुढं दहा वर्षांच्या पोरानं पाणी सोडलं होतं की आपण जन्मात दारूला शिवणार नाही, आणि तो शिवला नव्हता. भांगेचा पेला कुणी पुढं केला तर हात मागं घेऊन उठून जायचा. आपला बाप दारुडा या लाजेत त्यानं आयुष्य काढलं, आणि बाप दारुडा नव्हताच.

"मन्हा बापनी इचारं व्हतं," कौसाबाई म्हणाली. "सोयरीक करताना इचारं व्हतं ना, तुमना मालक कसा मरनात?"

"इचारं व्हतं. मी दारू सांगी. तुन्हा बाप म्हने, दारू बापसंगे जास, पोरले लागस नै."

"तुम्ही जानीबुजीसन माले ह्या घरमा आनं."

"आनं." जमनाबाईनं पहिल्यांदा वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते कधीच आटलं असावं. "नै ते कोन पोर देतं सुपडूले? मी कोना मायनी पोर आनी हाई माले मालूम शे, कौसा. तुले रोज देखस मी. सव्वीस वरीस देखी ऱ्हायनू."

कौसाबाईच्या तोंडात आलेली शिवी तोंडातच राहिली. ती उठून गोठ्यात गेली आणि म्हशीच्या अंगावर डोकं ठेवून उभी राहिली.

घरात याच दिवसांत बन्सीलालची सोयरीक घाटत होती. बन्सीलाल तिचा मुलगा, अठरा पुरा, नंदुरबारला मामाकडे राहून कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तापीपलीकडची मुलगी होती, रेवा. घरचे लोक सधन आणि साधे. चैत्रात ते घर पाहायला येणार होते, आणि मनासारखं झालं तर आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, आसपास लगीन.

कौसाबाईनं मनाशी पक्कं केलं. मुलीच्या आईला बाजूला घेऊन खरं सांगायचं. बाईनं बाईला. बन्सीलाल बिनलग्नाचा राहिला तर राहिला, पण आपल्यासारखी आणखी एक पोर या चुलीपुढं आणून बसवायची नाही. भांडी घासताना, कापसातली सरकी निवडताना ती विहिणीला सांगायचे तेच शब्द घोळवायची. याहीणबाई, तुमले एक गोट सांगनी शे. पुढचं वाक्य रोज बदलायचं, पण पहिलं पाठ झालं होतं.

जमनाबाईच्या ते ध्यानात आलं. म्हाताऱ्या बायकांना काय कळत नाही! ती एवढंच म्हणाली, "सांग. जरूर सांग. फुलवंताले सहावा महिना शे ना? पह्यलंदी तिले धाडतीन माघारी, पोटसकट."

त्या दिवसानंतर पहिलं वाक्यही तिच्या जिभेवर अडखळायला लागलं. तरी ती म्हणत होती, सांगीन.

चैत्रातल्या एका सकाळी तापीपलीकडून बैलांची दमणी आली. मुलीचे वडील झिपरू पाटील, मुलीची आई मंगलाबाई, आणि दोन वडीलधारे. ओसरीवर घोंगडी अंथरली होती. बन्सीलाल कालच आलेला, नवी टोपी घालून कोपऱ्यात बसला होता. बापाला त्यानं मळ्यात जाऊन पाहिलं होतं आणि घरी येऊन आईला गाठलं होतं. "माय, बा आशे कसं बोलस? जीभ जड व्हई गयी," असं त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "पाव्हना जावूदे, मंग सांगसू." दिवाल्याला बजावून ठेवलं होतं, दुपार टळेपर्यंत दादाला मळ्याबाहेर सोडू नको.

घर पाहून झालं, गोठा पाहून झाला. मंगलाबाई मोकळ्या मनाची, गोरी, बसकी बाई. म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "मन्ही रेवाले ढोरं भलता आवडतस." कौसाबाईला ती इतकी आवडली की छातीत दुखलं. परसात दोघीच होत्या. यापेक्षा बरी वेळ आली नसती.

"याहीणबाई," ती म्हणाली, "तुमले एक गोट सांगनी शे."

"सांगा ना."

ओसरीवर कुणीतरी ओरडलं.

दोघी धावत आल्या. सुपडू आत शिरला होता. धोतराचा सोगा जमिनीवर लोळत होता, उजवा हात दोरीसारखा लोंबत होता, डाव्या हातानं त्यानं पाहुण्यांपुढचं गूळ-खोबऱ्याचं ताट ओढलं होतं आणि तो तोंडात कोंबत होता. एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या हातातला खडा त्यानं हिसकून घेतला. काहीतरी बोलला, त्यातलं एक अक्षर कुणाला कळलं नाही. मग ठसका लागला, आणि चघळलेला गूळ झिपरू पाटलांच्या पांढऱ्या धोतरावर उडाला. दारात दिवाल्या धापा टाकत उभा होता. सुपडूनं त्याला मळ्यातून चकवून पळ काढला होता, आणि मागं धावताना दिवाल्या वाटेत दोनदा पडलेला दिसत होता, गुडघे फुटले होते.

मंगलाबाईनं पदर नाकाला लावला. "हाई काय वं माय? पेयेल शेतस का?"

शब्द तिनंच दिला. कौसाबाईनं तो मागितला नव्हता. ओसरीवरचे सगळे तिच्याकडं बघायला लागले. जमनाबाई भिंतीला टेकून बसली होती, तीही बघत होती, पण काही सुचवत नव्हती, मान हलवत नव्हती. बन्सीलालचे कान लाल झाले होते. तळोद्याला एका घरात फुलवंता पोटावर हात ठेवून बसली असेल. आणि समोर हा माणूस, ज्यानं उभ्या जन्मात दारूचा वास घेतला नाही, हनुवटीवरची लाळ पुसायचीही शुद्ध नसलेला.

"हाव," कौसाबाई म्हणाली. "पेतस."

"कव्हयपशी?"

"दोनेक वरीस व्हयनात."

झिपरू पाटील धोतर झटकत होते. मंगलाबाईनं मोठा श्वास सोडला. "दारूनं काय एवढं. आमना गावमा निम्मा लोके पेतस. आनि आठे कोन आनी देस ह्यास्ले?"

कौसाबाईची नजर दाराकडं गेली, आणि तिच्या नजरेमागून सगळ्यांची गेली.

"आनखी कोन?" जमनाबाई भिंतीपासून म्हणाली. "डोंगरना मानूस."

"बाई?" दिवाल्या म्हणाला. फक्त कौसाबाईकडं बघून, एवढंच.

ती खाली बघत राहिली. सुपडूचं सुटलेलं धोतर नीट करायच्या निमित्तानं ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"रोगराई ते नै ना काही घरमा?" मंगलाबाईनं विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं, सगळ्याच आया विचारतात.

"नै," कौसाबाई म्हणाली.

तेव्हा बन्सीलाल उठला. रडवेला झाला होता. ताटात उरलेला गुळाचा खडा त्यानं मुठीत घेतला आणि सगळ्यांपुढं म्हणाला, "मी हाऊ गुय हातमा लिसन सांगस. मन्हा जन्ममा मी दारूना थेंबले शिवाव नही. मन्हा बापनी जे करं ते मी कराव नही."

म्हातारे पाहुणे खूश झाले. "पोरगा पक्का शे," त्यांतला एक म्हणाला. मंगलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. सुपडूनं मान वाकडी करून मुलाच्या मुठीकडं पाहिलं, पुढं झाला, त्याची बोटं उलगडली आणि शपथेचा खडा खाऊन टाकला.

"बेस शे," तो म्हणाला. तेवढं मात्र सगळ्यांना कळलं.

बन्सीलालनं हात धोतराला पुसला आणि बापाकडं पाठ फिरवली. कौसाबाईनं त्याच्या अंगठ्याचं बूड पाहिलं. भरलेलं होतं. सुपडूचंही अठराव्या वर्षी भरलेलंच होतं.

सालदाराचं साल आखाजीला संपतं. दिवाल्या तीन आठवडे आधीच निघाला. कुणी त्याला काढलं नाही, कुणी थांबही म्हटलं नाही. त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली, मळ्यात जाऊन सुपडूला एकदा पाणी पाजलं, मग ओट्यापाशी आला.

"दादाले पानी मान पुढे करीसन देजो. मागे नको. मागे करी का छातीमा जास."

"दिवाल्या," कौसाबाई म्हणाली, "मन्हावर राग नको धरू."

"आमी दारू पेतस, बाई. पह्यली धार धरतीले देतस, देवले देतस, मंग पेतस. तू माले चोरीनी दारू लावी." त्यानं खांद्यावरची घोंगडी सावरली. "पाडावर कोनीबी इचारी, पाटीलकडथून काबरं उना. काय सांगू?"

तो डोंगराच्या दिशेनं चालायला लागला. फुटलेल्या गुडघ्यामुळं एक पाय ओढत होता.

लगीन झालं. वैशाखाचं ऊन असं की मांडवाची आंब्याची पानं संध्याकाळपर्यंत कुरकुरीत झाली. गावात आता सुपडू पाटलाचं नाव बदललं होतं. शिमग्याच्या सोंगाला बापाच्या जोडीला मुलगा मिळाला असं पारावर बोललं जायचं. ज्या हातानं पाच गावांना गूळ दिला तो हात कुणाला आठवत नव्हता, आणि याला कारण आपलं एक 'हाव' हे कौसाबाई जेवताना, पाणी भरताना, कधीच विसरत नव्हती.

नवरी उंबऱ्याशी आली. रेवा पंधरा-सोळाची, आईसारखीच गोरी, चालताना पायातले वाळे वाजवायची हौस. तिनं माप ओलांडलं आणि सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. कौसाबाईनं तोंड उघडलं. आशीर्वादाचे शब्द सगळ्या बायकांना पाठ असतात, ते विचार करून कुणी बोलत नाही. तिला एक शब्द आला नाही. बायकांना वाटलं, आनंदानं गळा भरला.

"जन्मसावित्री हो," मागून जमनाबाई म्हणाली. "घरभर पोरं व्हवू दे."

चौथ्या दिवशी पाहुणे पांगले. बन्सीलाल आता घरीच राहणार होता, पुढच्या हंगामाला घरचा मळा त्यानं सांभाळायचा होता. तो मळ्याकडं गेला की बापाच्या रिकाम्या झोपडीला वळसा घालून जायचा. सुपडूला आता बसवलं तर बसायचा, निजवलं तर निजायचा. त्याला घरात, मागच्या पडवीत आणून ठेवला होता, कारण मळ्यात त्याच्याजवळ राहणारं कुणी उरलं नव्हतं.

रेवा चुलीपुढून उठून आली. कामाची होती, सांगायची वाट बघत नसे.

"आत्याबाई, मामाजीस्नं ताट मी लई जाऊ? मन्ही माय म्हने, दारूडा ऱ्हायनात तरी सासरा शेतस, सेवा करजो." ती थोडी लाजली. "मोठमायना हात थरथरतस. भाकर मी कुस्करू का?"

जमनाबाईनं दुधाची वाटी तिच्यापुढं सरकवली. बसल्या जागेवरूनच.

रेवानं भाकर मोडली आणि दुधात टाकली. मोठे मोठे तुकडे तरंगायला लागले. तिच्या मनगटावर हळद अजून पिवळी होती, बांगड्या कोपरापर्यंत. कौसाबाई तिच्याशेजारी जाऊन बसली. आताही सांगता आलं असतं. घरात तिघीच होत्या. तिनं रेवाचा हात हातात घेतला.

"आशे नै, बेटा," ती म्हणाली. "काठ काढी टाक. बोटखाले चुरत जाय, एकबी गुठळी राहाले नको. देख, आशे. हाई नीट शिकी ले."

रेवाला हसू आलं. "भाकर कुस्करानं, आत्याबाई, त्यामा शिकानं काय शे?"

कौसाबाईनं तिचा हात सोडला, आणि आणखी दूध आणायला उठली.